छपाईत शेड का तुटते? ग्रेडियंटचा दोष पडद्यापासून प्लेटपर्यंत कसा शोधायचा

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घ्या. क्राउन क्वार्टो आकार, म्हणजे साधारण १८ सेंमी रुंद आणि २४ सेंमी उंच. वर गर्द निळं आकाश, खाली क्षितिजाशी फिकट निळं, कोपऱ्यात केशरी ते जांभळ्या शेडचा आकाशकंदील. असा हळूहळू बदलत जाणारा रंग म्हणजे शेड, सॉफ्टवेअरच्या भाषेत ग्रेडियंट. पडद्यावर सगळं गुळगुळीत. छापून आलं तेव्हा मात्र आकाशात आडवे पट्टे होते, कंदिलाचा मधला भाग विटकरी झाला होता आणि कंदिलाच्या उजेडाभोवती केसाएवढी पांढरी चौकट उमटली होती.

हे तीन वेगवेगळे दोष आहेत. त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. बहुतेक ठिकाणी मात्र तिन्हींवर एकच औषध दिलं जातं: ‘सगळं बिटमॅप (पिक्सेलचं चित्र) करून टाक.’ त्यानं कधी दोष झाकला जातो, कधी कायमचा गोठतो, आणि मजकूर व लोगो मऊ पडतात ते वेगळंच. म्हणून आधी दोष कुठल्या टप्प्यावर आला ते शोधायचं. टप्पे चारच आहेत: मूळ चित्र, एक्सपोर्ट, रिप (फाइल छपाईच्या टिंबांत बदलणारं सॉफ्टवेअर) व प्लेट (प्रत्येक शाईचा वेगळा पत्रा), आणि शेवटी मशीन व कागद.

दहा मिनिटांची तपासणी

पहिली तपासणी मूळ फाइलमध्ये. कोरलड्रॉमध्ये वायरफ्रेम व्ह्यू लावा, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबा. ग्रेडियंटच्या जागी एकच बाह्यरेषा दिसली तर तो खरा ग्रेडियंट आहे. एकमेकींना चिकटलेल्या शेकडो बारीक पट्ट्या दिसल्या तर ग्रेडियंट कधीच फुटलेला आहे. कुणीतरी तो एक्सपांड केलाय, ब्लेंड टूलनं बनवलाय, किंवा फाइल जुन्या ईपीएसमधून आलीय. त्या पट्ट्यांवर डागडुजी करत बसू नका. दोन टोकांचे रंग टिपून घ्या, पट्ट्या काढून टाका आणि नवा ग्रेडियंट भरा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी तपासणी एक्सपोर्ट केलेल्या पीडीएफची. ती ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडून प्रिंट प्रॉडक्शनमधलं आउटपुट प्रीव्ह्यू लावा. कर्सर शेडवरून हळूहळू फिरवा आणि टक्के वाचा. छपाईच्या चार शाईंपैकी निळसर आकाशात फक्त सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गुलाबी) अपेक्षित असताना पिवळा आणि काळाही हलताना दिसला, तर रंग वाटेत बदलले आहेत. मग एकेका प्लेटची खूण काढून प्रत्येक शाई सुटी पाहा. पट्टे बहुधा एकाच शाईत असतात आणि ते इथेच कळतं. ॲक्रोबॅट प्रो नसेल तर स्क्रायबस या मोफत मांडणी सॉफ्टवेअरच्या प्रिंट प्रीव्ह्यूमध्येही प्लेट सुट्या दिसतात.

इथे एक सावधगिरी. पडद्यावर पट्टे दिसले म्हणजे फाइलमध्ये आहेतच असं नाही. स्वस्त मॉनिटर कमी छटा दाखवतात आणि चांगल्या शेडमध्येही पट्टे पाडतात. निर्णय घ्यायचा तो वायरफ्रेम आणि टक्के पाहून.

तिसरी तपासणी पांढऱ्या रेषांची. रेषेवर झूम करत जा, २०० टक्के, ८०० टक्के, ६४०० टक्के. रेषा प्रत्येक वेळी तेवढीच एक पिक्सेल जाड राहिली तर ती फक्त पडद्याची करामत आहे. झूमबरोबर जाड होत गेली तर खरी फट आहे आणि ती छापली जाणार.

चौथी तपासणी छापील कागदाची. पट्टे शेडच्या दिशेला आडवे जातात की मशीनच्या चालीला? कळत नसेल तर चित्र ९० अंशात फिरवून एक नमुना काढा. पट्टे चित्राबरोबर फिरले तर दोष फाइल किंवा रिपचा. कागदावर आधीच्याच दिशेला राहिले तर फाइल निर्दोष आहे आणि मशीनकडे बघायला हवं.

पट्ट्यांचं गणित

पट्टे येतात कारण छपाईकडे छटा मोजक्या असतात. प्लेटवर प्रत्येक टिंब बारीक चौकोनांचं बनलेलं असतं. किती छटा निघतील याचं सूत्र सोपं आहे: इमेजसेटरचं (फिल्म किंवा प्लेट काढणाऱ्या मशीनचं) रिझोल्यूशन भागिले लाइन स्क्रीन (एका इंचातल्या टिंबांच्या ओळी), त्याचा वर्ग, अधिक एक. २४०० डीपीआयवर १५० लाइनची स्क्रीन असेल तर १६ चा वर्ग २५६, अधिक कोरा कागद एक. तोच २४०० डीपीआय १७५ लाइनला वापरला तर छटा १८९ च्या आसपास उरतात, २०० लाइनला १४५. ६०० डीपीआयच्या साध्या लेझर प्रिंटरवर १०० लाइनची स्क्रीन लावली तर फक्त ३७. त्या प्रिंटरवरच्या प्रूफमध्ये शेड तुटली म्हणून फाइल बदलायला बसू नका.

आजची बहुतेक रिप सॉफ्टवेअरं अनेक टिंबांचा गट एकत्र धरून छटा वाढवतात, त्यामुळे हे सूत्र सर्वांत वाईट परिस्थिती सांगतं असं समजा. तरी आठ बिटांच्या साखळीत २५६ छटांची मर्यादा कुठे ना कुठे आडवी येतेच.

आता आपलं आकाश मोजू. वर सायन ६० टक्के, खाली २० टक्के. फरक ४० टक्के. २५६ चे ४० टक्के म्हणजे १०२ पायऱ्या. त्या २४० मिलिमीटरवर पसरल्या की एक पायरी २.३५ मिलिमीटर रुंद. पायरी साधारण पाऊण मिलिमीटरच्या, म्हणजे ०.०३ इंचाच्या वर गेली की डोळ्याला पट्टा दिसू शकतो, हा छपाईतला जुना अंदाज आहे. आपली पायरी त्याच्या तिप्पट. पट्टे येणारच होते.

उलट बाजूनं पाहा. शून्य ते १०० टक्के असा पूर्ण फरक असला तरी २५६ पायऱ्या गुणिले ०.७६ मिलिमीटर म्हणजे १९.५ सेंमी. एका शाईची शेड त्याहून लांब पसरली की पट्ट्यांचा धोका सुरू झाला, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो. फाइल बनवण्याआधी हा हिशेब कागदावर करा: फरकाचे टक्के गुणिले २.५६ म्हणजे पायऱ्या, आणि लांबी भागिले पायऱ्या म्हणजे एका पायरीची रुंदी.

हिशेब बिघडला तर काय करायचं? शेड वेक्टर (पिक्सेल नसलेली, गणिती आकारांची) ठेवूनच तीन वाटा आहेत.

एक, फरक वाढवा. ६० ते २० ऐवजी ८५ ते १० केलं तर पायऱ्या १९२ होतात आणि रुंदी सव्वा मिलिमीटरवर येते. पूर्ण सुटका नाही, पण पट्टे बरेच दबतात.

दोन, दुसरी शाई वेगळ्या चालीनं हलवा. सायन ६० ते २० जात असताना मॅजेंटा ४० वरून ५ वर आणा आणि मध्ये एक स्टॉप (शेडमध्ये ठरवून दिलेला रंगाचा बिंदू) देऊन मॅजेंटाची घसरण वरच्या अर्ध्या भागातच उरका. दोन शाईंच्या पायऱ्या वेगवेगळ्या जागी पडतात, त्यामुळे एकीचा काठ दुसरीच्या मध्यात मिसळतो. हा उपाय फार कमी लोक वापरतात. खरं तर सर्वांत स्वस्त हाच आहे.

तीन, लांबी तोडा. २४ सेंमीची एकसंध शेड हवीच कशाला? मध्ये ढग, डोंगररांग, कागदाचा पोत काहीही आलं की डोळ्याला पट्टा जोडता येत नाही.

गर्द रंगातून पांढऱ्याकडे जाणाऱ्या लांब शेडमध्ये पट्टे जास्त उठून दिसतात. म्हणून गर्द शेड आखूड ठेवा आणि लांब शेड फिकट रंगांत.

मधला रंग मळतो तेव्हा

कंदिलाचं उदाहरण. केशरी टोक मॅजेंटा ५०, पिवळा १००. जांभळं टोक सायन ८०, मॅजेंटा १००. मधोमध काय येईल? प्रत्येक शाईची सरासरी: सायन ४०, मॅजेंटा ७५, पिवळा ५०. तीन शाई एकत्र आल्या की रंग राखाडीकडे झुकतो, म्हणून तिथे विटकरी डाग. सॉफ्टवेअरनं चूक केलेली नाही, सांगितलं तेच केलं. उपाय म्हणजे मध्ये स्वतःचा स्टॉप टाकायचा: सायन शून्य, मॅजेंटा ९०, पिवळा ३०. आता शेड केशरी, गडद गुलाबी, जांभळा अशी उतरते आणि तिन्ही शाई कुठेही बरोबरीनं भेटत नाहीत.

आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगव्यवस्थेत, हाच खेळ आणखी वाईट. शुद्ध निळा ०, ०, २५५ आणि शुद्ध पिवळा २५५, २५५, ० यांचा मध्य १२८, १२८, १२८ च्या आसपास, म्हणजे निव्वळ राखाडी. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, सायन १०० ते पिवळा १०० घेतलं तर मध्ये फिकट हिरवा येतो. त्यामुळे आरजीबीत बनवलेला ग्रेडियंट सीएमवायकेमध्ये नेला की मधला रंग बदलतो. त्यातही काही सॉफ्टवेअरं फक्त टोकांचे रंग बदलून मधली शेड नव्यानं काढतात, काही प्रत्येक बिंदू बदलतात. एकाच फाइलच्या दोन एक्सपोर्टमध्ये मध्य वेगळा आला तर कारण बहुधा हेच.

छपाईच्या आवाक्याबाहेरचे आरजीबी रंग, म्हणजे विजेसारखा निळा किंवा पोपटी, सीएमवायकेमध्ये एकाच रंगात दाबले जातात. मग शेडचा एक तुकडा सपाट दिसतो आणि पुढे एकदम उतार सुरू होतो. असं टाळायचं तर डॉक्युमेंट पहिल्या दिवसापासून सीएमवायकेमध्ये ठेवा.

काळ्या टोकाची चूक तर रोजची. के (काळी शाई) १०० ते लाल अशी शेड घेतली की मध्ये के ५०, मॅजेंटा ५०, पिवळा ५० येतो आणि धूळ बसल्यासारखं दिसतं. काळ्या टोकात समोरचा रंगही भरा: मॅजेंटा १००, पिवळा १००, के १००. आता मध्ये मॅजेंटा १००, पिवळा १००, के ५० असा स्वच्छ मरून येतो. एकूण शाई ३०० टक्के झाली, ती आर्ट पेपरला साधारण चालते. वर्तमानपत्राच्या कागदाला २४० च्या वर जाऊ नका, तिथे तिन्ही ८० करा.

याच्या उलट, राखाडी शेड हवी असेल तर ती फक्त के शाईत ठेवा. आरजीबी काळा फोटोशॉपच्या अमेरिकी स्वॉप प्रोफाइलनं बदलला की सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, के ९० होतो. अशी चार शाईंची राखाडी शेड मशीनवर कुठे गुलाबी, कुठे हिरवट मारते, आणि मशीनमननं कितीही शाई कमी-जास्त केली तरी एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

स्पॉट रंगाचं, म्हणजे चार शाईंव्यतिरिक्त वापरलेल्या तयार शाईचं, थोडक्यात. पँटोन (अशा तयार शाईंची क्रमांकित मालिका) ते पांढरा अशी शेड हवी असेल तर दुसऱ्या टोकाला साधा पांढरा देऊ नका, त्याच पँटोनचा शून्य टक्के टिंट (त्याच शाईची फिकी छटा) द्या, नाहीतर एक्सपोर्टमध्ये शेड चार शाईंत फुटण्याचा धोका असतो. दोन स्पॉट रंगांची एकमेकांत शेड असेल तर प्रेसला आधी सांगा. स्पॉट प्लेटचा कोन बहुधा ४५ अंशच ठरलेला असतो. दोन्ही त्याच कोनावर गेल्या तर जाळी उठते, एक कोन बदलून घ्यावा लागतो. सोनेरी शाईचा टिंट केला की तिची चमक जाते. फॉइल आणि स्पॉट यूव्हीत (ठरावीक जागी दिलेल्या चकचकीत लेपात) तर शेड नसतेच, एकतर आहे किंवा नाही. लग्नपत्रिकेच्या फाइलमध्ये फॉइलच्या लेअरवर ग्रेडियंट दिसला की तो तिथेच थांबवा.

पांढऱ्या रेषा, चौकटी आणि पारदर्शकता

कंदिलाच्या उजेडाभोवतीची चौकट पारदर्शकतेतून आली. रंगाकडून पारदर्शककडे जाणारी शेड, ड्रॉप शॅडो, ग्लो, मल्टिप्लाय हे सगळं छपाईआधी कुठेतरी सपाट करावं लागतं. पीडीएफ १.३ मध्ये पारदर्शकता नाही, ती २००१ साली पीडीएफ १.४ मध्ये आली. पीडीएफ/एक्स-१ए हे मानक १.३ वर बसलेलं आहे. म्हणून एक्स-१ए निवडताच तुमचं सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करतानाच चित्राचे तुकडे करतं: काही तुकडे बिटमॅप, काही वेक्टर. दोन तुकड्यांच्या सांध्यावर पांढरी रेषा दिसते. बिटमॅप तुकड्याचा रंग शेजारच्या वेक्टर तुकड्याहून किंचित वेगळा निघाला की चौकट दिसते.

क्रमानं असं करा.

१. प्रेसला विचारा, रिप पारदर्शकता थेट घेते का. ॲडोबचं पीडीएफ प्रिंट इंजिन २००६ पासून आहे, त्यावर चालणारी रिप ती घेते. उत्तर ‘हो’ असेल तर पीडीएफ/एक्स-४ द्या. तुकडे होणारच नाहीत आणि निम्मी कटकट तिथेच संपते.

२. एक्स-१ए हवीच असेल तर फ्लॅटनिंग (पारदर्शकता सपाट करणं) हाय रिझोल्यूशनला ठेवा: रेषा व मजकुरासाठी १२००, ग्रेडियंट व मेशसाठी ३०० पीपीआय. इलस्ट्रेटरच्या फ्लॅटनर प्रीव्ह्यूमध्ये कोणते भाग बिटमॅप होणार ते लाल दिसतं. मजकूर त्या लाल भागात सापडत असेल तर तो वरच्या लेअरवर न्या.

३. डॉक्युमेंट आणि पारदर्शकतेची रंगव्यवस्था एकच ठेवा. इनडिझाइनमध्ये एडिटखालच्या ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेसला डॉक्युमेंट सीएमवायके निवडा. आरजीबी राहिलं तर पारदर्शक वस्तू असलेलं पानच वेगळ्या रंगात निघतं.

४. मागची जमीन एकरंगी असेल तर पारदर्शकता वापरूच नका. निळ्यावर पिवळा उजेड हवा असेल तर ‘पिवळा ते पारदर्शक’ ऐवजी ‘पिवळा ते तोच निळा’ अशी शेड भरा, आणि मध्य मळू नये म्हणून वर सांगितलेला स्टॉप टाका.

५. पारदर्शक टोक घ्यावंच लागलं तर दोन्ही टोकांना एकच रंग द्या, फक्त अपारदर्शकता १०० आणि शून्य. शून्याच्या टोकाला पांढरा किंवा काळा राहिला तर मध्य दुधाळ किंवा काळपट होतो.

झूम करूनही एक पिक्सेलच राहणारी रेषा असेल तर ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली स्मूद लाइन आर्टची खूण काढा. रेषा गेली तर प्लेटवर ती येत नाही. पण तीच पीडीएफ कुणी फोटोशॉपमध्ये उघडून जेपीजी केली, तर तिथल्या अँटी-एलियासिंगमुळे (कडा मऊ करण्यामुळे) ती खोटी रेषा खरी होऊन बसते. अनेक ठिकाणी मांडणीसाठी पीडीएफ कोरलमध्ये आयात केली जाते, तिथेही ग्रेडियंटचे तुकडे पडू शकतात. म्हणून फाइल पाठवताना विचारून घ्या: पीडीएफ थेट रिपला जाते की मध्ये कुठे उघडली जाते?

सॉफ्टवेअरनुसार कुठे काय बघायचं

कोरलड्रॉमध्ये ग्रेडियंटला फाउंटन फिल म्हणतात. त्याच्या गुणधर्मात स्टेप्सचा आकडा असतो. कधीतरी पडदा वेगानं चालावा म्हणून कुणी तो २० वर आणून ठेवतो आणि तो वस्तूला चिकटून राहतो. आकड्याशेजारचं कुलूप बंद करून तो मूळच्या २५६ वर जाऊ द्या. तिथेच रंग सरळ मिसळायचा की रंगचक्रावरून फिरवून न्यायचा तेही ठरतं. शेडमध्ये अचानक इंद्रधनुष्य आलं तर फिरवण्याचा पर्याय लागलेला आहे. मग डॉक्युमेंटच्या ऑप्शन्समध्ये जनरलखाली दोन गोष्टी पाहा: प्रायमरी कलर मोड सीएमवायके आणि रेंडरिंग रिझोल्यूशन ३००. सावल्या व पारदर्शकता या दोन गोष्टींवर ठरतात. रिझोल्यूशनचा आकडा कमी असेल तर सावलीची शेड ठोकळ्यांची होते. पब्लिश टू पीडीएफमध्ये रंग सीएमवायके, बिटमॅपचं कॉम्प्रेशन झिप ठेवा, आणि किचकट फिल बिटमॅप करण्याची खूण गरजेशिवाय लावू नका.

इलस्ट्रेटरमध्ये फाइल मेनूत डॉक्युमेंट कलर मोड सीएमवायके करा. इफेक्ट मेनूत डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज ३०० पीपीआय करा. वेबसाठी उघडलेलं डॉक्युमेंट आरजीबी आणि ७२ पीपीआय असतं, आणि ग्लो किंवा ब्लर त्या ७२ वरच बनतो. पीडीएफ साठवताना कॉम्प्रेशनखाली डाउनसॅम्पल (रिझोल्यूशन कमी करणं) बंद आणि झिप ठेवा. जेपीजी कॉम्प्रेशन ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत काम करतं आणि फिकट शेडमध्ये ते ठोकळे उठून दिसतात. प्रिंट डायलॉगमधली कम्पॅटिबल ग्रेडियंट अँड ग्रेडियंट मेश प्रिंटिंग ही खूण फक्त ग्रेडियंट अजिबात न निघणाऱ्या जुन्या प्रिंटरसाठी आहे. ती शेडचा जेपीजी बनवते. सवयीनं लावून ठेवू नका. फ्रीफॉर्म ग्रेडियंट किंवा रेषेवरचा ग्रेडियंट एसव्हीजीतून (वेबच्या वेक्टर फाइलमधून) पाठवू नका, तो वेक्टर राहत नाही. पीडीएफच द्या.

इंकस्केप मोफत आहे, चांगलंही आहे, पण त्याची पीडीएफ आरजीबी निघते. शिवाय ब्लर हा फिल्टर असल्यानं पीडीएफ करताना बिटमॅप होतो आणि त्या डायलॉगमधलं रिझोल्यूशन मुळात ९६ असतं. ते ३०० करा. सीएमवायकेसाठी वाट स्क्रायबसमधून जाते. एसव्हीजी स्क्रायबसमध्ये आयात केली की ग्रेडियंटचे रंग ‘फ्रॉमएसव्हीजी’ अशा नावांनी रंगयादीत येतात, पुढे हॅश आणि सहा अंक-अक्षरं. एडिट मेनूतून रंगयादी उघडा, त्यातला एकेक रंग सीएमवायके करा आणि हवे ते टक्के हातानं भरा. रंग बदलला की तो वापरणारे सगळे ग्रेडियंट आपोआप बदलतात. दहाबारा रंग असतील तर अर्ध्या तासाचं काम, पण त्यानंतर मधला रंग तुमच्या ताब्यात असतो. ब्लर या वाटेनं येत नाही. तो वेगळा बिटमॅप करून ठेवावा लागतो.

फिकट टोक आणि कागद

फाइल बिनचूक असूनही शेडचं फिकट टोक एका ठळक काठावर संपतं. कारण फार लहान टिंब प्लेटवर किंवा कागदावर टिकत नाही. चांगल्या ऑफसेटवर २ ते ३ टक्क्यांखालचं टिंब बेभरवशाचं, वर्तमानपत्री कागदावर त्याहून आधीच. गडद टोकाला ९५-९७ च्या पुढे टिंब भरून सपाट होतं. मधल्या भागात टिंब फुगतं: फाइलमधलं ५० टक्के टिंब कागदावर साधारण ६५ च्या आसपास दिसतं. त्यामुळे शेडचा मधला भाग पडद्यापेक्षा गडद दिसतो. मध्यबिंदूचा स्लायडर थोडा हलवून तो सावरता येतो, पण आधी प्रेसची प्लेट या फुगवट्यासाठी सुधारलेली आहे का ते विचारा. नाहीतर दुहेरी सुधारणा होऊन शेड फिकी पडते.

फ्लेक्सो छपाईत, म्हणजे पिशव्या, पाउच आणि लेबलांत, हा काठ सर्वांत जास्त दिसतो. तिथे शेड शून्यापर्यंत नेऊच नका. ३ टक्क्यांवर थांबवून तो ३ टक्के टिंट लेबलच्या कडेबाहेर ब्लीडपर्यंत (कापून जाणाऱ्या जादा भागापर्यंत) नेला की काठ कापला जातो. मोकळ्या जागेत हळूच विरणारी सावली फ्लेक्सोत मागणाऱ्या ग्राहकाला आधीच समजावून सांगितलेलं बरं.

बिटमॅप करायचाच असेल तर

गणितानं सांगितलं की पट्टे टळत नाहीत, चित्रात दुसरं काही घालता येत नाही, अशा वेळी फक्त ती शेड बिटमॅप करा. मजकूर, लोगो, रेषा वेक्टरच राहू द्या. फोटोशॉपमध्ये असं करा: अंतिम आकार अधिक चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे आपल्या मुखपृष्ठाला १८६ बाय २४६ मिमी. ३०० पीपीआय, सीएमवायके, १६ बिट. ग्रेडियंट टूलच्या पट्टीत डिदरची (पायऱ्यांचे काठ विस्कटणाऱ्या पर्यायाची) खूण लावून शेड ओढा. मग ॲड नॉइज (बारीक दाणे घालणारा फिल्टर), गॉशियन, १ ते २ टक्के. ३ च्या वर गेलात तर गुळगुळीत कागदावर दाणे दिसतात. नॉइज के चॅनेलमध्ये घालू नका, काळे कण लगेच दिसतात. शेवटी ८ बिट करून एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनची टिफ साठवा.

क्रम चुकवू नका. नॉइज घालून मग आकार लहान केला तर शेजारचे पिक्सेल एकत्र होऊन नॉइज विरतो आणि पट्टे परत येतात. जेपीजी केली तरी तेच. पीडीएफ करताना डाउनसॅम्पल चालू राहिलं तरी तेच.

फ्लेक्स आणि इंकजेट

इथे टिंबं विखुरलेली असतात, लाइन स्क्रीनचं गणित लागू होत नाही. पट्टे दिसले तर ९० अंशांची तपासणी आधी करा. बहुतेक वेळा हेडच्या प्रत्येक फेरीचा पट्टा असतो: मीडिया पुढे सरकण्याचं अंतर बिघडलंय किंवा काही नोझल बंद आहेत. नोझल चेक काढा, हेड साफ करा, फीडचं कॅलिब्रेशन करा, वेगापेक्षा जास्त पासचा (हेडच्या फेऱ्यांचा) पर्याय निवडा. फाइल दहा वेळा बदलून हे सुटत नाही.

पाठवण्याआधी प्लेटवर एक पट्टी

ऑफसेटच्या शीटवर कापून जाणारी जागा असतेच. त्या जागेत ६ मिमी उंचीची पट्टी ठेवा. डावीकडे तुमच्याच मुखपृष्ठातली शेड, तेच रंग, तेच स्टॉप. उजवीकडे प्रत्येक शाईचे सुटे चौकोन: १, २, ३, ५, १०, २५, ५०, ७५, ९०, ९५, ९७ टक्के. पहिली शीट निघाली की भिंगातून बघा. कोणता चौकोन कोरा आहे आणि कोणता भरून गेलाय ते त्या प्रेसच्या, त्या कागदाच्या नावानं लिहून ठेवा. पुढच्या फाइलमध्ये शेडचं फिकट टोक कोरा न पडलेल्या पहिल्या चौकोनावर आणि गडद टोक भरून न गेलेल्या शेवटच्या चौकोनावर थांबवा.